फुकटच्या दिवशी शेनांडोआ

'फुकट' हा शब्द ऐकला की आपल्या मंडळींचे कान टवकारतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. इथली राष्ट्रीय उद्यानं वर्षातून काही दिवस विनामूल्य खुली असतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. 2024 साली असे सहा दिवस होते, त्यातला शेवटचा 11 नोव्हेंबर, व्हेटरन्स डे. तो सोमवारी आला. मुलांना सुट्टी, ह्यांनाही सुट्टी, सासूबाई दिवाळीसाठी आलेल्या आणि फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले. चिवडा, चकल्या आणि थर्मासभर चहा घेऊन आम्ही शेनांडोआला निघालो.

एरवी तिथे गाडीमागे तीस डॉलर पडतात. ती पावती सात दिवस चालते. सासूबाईंनी लगेच हिशेब केला. "अडीच हजार रुपये? डोंगर बघायचे?" फुकट आहे म्हटल्यावर मात्र खिडकीची काच खाली करून निवांत बसल्या. (फुकट म्हणजे फक्त प्रवेश, बरं का. कॅम्पिंगचे पैसे पडतातच.)

फ्रंट रॉयलपासून स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. डोंगरमाथ्यावरून जाणारा 105 मैलांचा रस्ता, वेग ताशी 35 मैल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचं उद्यान नाही, कारण जागोजागी गाडी थांबवून दरी बघता येते. पानांचे रंग बघायला ऑक्टोबरात झुंबड उडते. नोव्हेंबरात झाडं बोडकी झालेली असतात, पण मला तेच आवडतं. पानांआड लपलेल्या दऱ्या, खालची शेतं, सगळं दिसतं. "आमच्या पाटणकडच्यासारखंच आहे की," सासूबाई म्हणाल्या.

51व्या मैलाजवळ बिग मेडोजला माहिती केंद्र आहे. मुलांना अस्वलाचं काही बघायचं होतं म्हणून आत गेलो. तिथे उद्यान कसं झालं त्याचं प्रदर्शन आहे. जुन्या फोटोंत लाकडी घरं, अंगणात उभी मुलं. सासूबाईंनी विचारलं, "ही कोण माणसं?" मी वाचून सांगायला लागले. या डोंगरात पूर्वी वस्ती होती. 1928 साली व्हर्जिनिया राज्याने कायदा करून जमिनी घेतल्या आणि केंद्र सरकारला दिल्या. 1935 साली उद्यान झालं. चारशेहून जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली. थोड्या म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. त्यातल्या शेवटच्या आजी 1979 साली वारल्या.

"पैसे दिले का त्यांना?"

"ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना दिले, आई. जे दुसऱ्याच्या जमिनीवर राहत होते, त्यांना जमिनीचं काही नाही."

त्या बराच वेळ त्या फोटोंपुढे उभ्या राहिल्या. सासूबाईंचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं, एवढंच मला लग्नापासून माहीत होतं. त्या दिवशी बाहेर बाकावर चहा पिताना त्या पहिल्यांदा सविस्तर बोलल्या. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. घराचे वासे उतरवून बैलगाडीत घातले. चुलते एका जिल्ह्यात, आत्या दुसऱ्या. आईने जाताना चूल सारवली होती. "पाण्यात जायची चूल, तरी सारवली," त्या म्हणाल्या. ह्यांच्या हातातली चकली तशीच राहिली होती. सख्ख्या मुलानेही हे कधी ऐकलं नव्हतं. धाकट्याने विचारलं, "आजी, तुझं घर अजून पाण्याखाली आहे?" त्या म्हणाल्या, "असेल की. दगडी जोतं कुठं जातंय?"

परतताना पाचलाच अंधार पडला. चौथ्या-पाचव्या मैलादरम्यान डिकी रिजसमोर फॉक्स हॉलो नावाची पायवाट आहे, जेमतेम सव्वा मैलाची. तिथे फॉक्स कुटुंबाच्या शेताचे दगडी बांध आणि त्यांची दफनभूमी अजून आहे. ती तेवढी राहून गेली.

आता कामाचं. 2026 पासून विनामूल्य दिवस फक्त इथल्या रहिवाशांसाठी आहेत, म्हणून सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. तारखाही बदलल्या. मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि जूनटीन्थ वगळले (मला ते पटलेलं नाही). 2026 च्या यादीत प्रेसिडेंट्स डे, मेमोरियल डे, 14 जून, 3 ते 5 जुलै, 25 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, 27 ऑक्टोबर आणि 11 नोव्हेंबर आहेत. भारतातून आलेल्या आईवडिलांना ही सवलत नाही. उलट ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी धरून अकरा उद्यानांत सोळा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्याला, वार्षिक पास नसेल तर, नेहमीच्या फीवर माणशी शंभर डॉलर जादा पडतात. शेनांडोआ त्या अकरांत नाही.

सासूबाई पुन्हा यायच्या आहेत. फॉक्स हॉलोला जायचंय, पैसे पडले तरी चालतील, असं त्यांनीच फोनवर सांगितलंय. गुडघ्याचा पट्टा घेऊन येणार आहेत.