माल ओला असताना

सेक्टर ३२ मध्ये राहायला आल्यापासून चंडीगडची आखणी रोजच अंगवळणी पडत गेली. सुमारे ८०० बाय १२०० मीटरचा सेक्टर, सरळ रस्ते, एका बाजूला सरकारी मेडिकल कॉलेज. सगळं आधी कागदावर ठरलेलं. ठरवणारे ल कॉर्बुझिए, जन्माने स्विस आणि पॅरिसला स्थायिक झालेले.

त्याच शहराच्या बांधकाम खात्यात नेकचंद सैनी रस्ता-निरीक्षक होते. फाळणीत त्यांचं शकरगढ भागातलं गाव सुटलं. नव्या शहरासाठी इथलीही गावं उठली, तेव्हा त्या ढिगाऱ्यांतून त्यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे गोळा केले आणि १९५८च्या सुमारास सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात गुपचूप मूर्ती घडवायला घेतल्या. १९७६ साली त्या मूर्तींचं रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं.

एक नियोजनकार, दुसरा बंडखोर, अशी या दोघांची जोडी लावतात. मला ती पटत नाही. कॉर्बुझिएंनी काँक्रीटच्या भिंतींवर साच्यांच्या खुणा राहू दिल्या, काही भिंतींत आकृत्याही उठवून घेतल्या. नेकचंदांनी सिमेंटमध्ये बांगड्या रोवल्या. दोघांनाही माल सेट व्हायच्या आत निर्णय घ्यावा लागला. तिथे ना पॅरिसची कीर्ती कामी येते, ना सरकारी मनाई आड येते. हाताशी असलेला थोडा वेळ आणि समोरची वस्तू, एवढंच उरतं. विणकामातही तेच: कॉर्बुझिएंच्या हायकोर्टातले भिंतींवरचे भव्य गालिचे काश्मिरात विणले गेले. चित्र त्यांचं, पण धाग्याधाग्याचा निर्णय विणकराच्या बोटांचा. ती बोटं मला त्या चित्राइतकीच मोलाची वाटतात.

इथे मला डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आठवतात. २००३ साली ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची वारली चित्रं आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांचं काम शेजारी-शेजारी मांडलं गेलं. लाँग भिंतीवर चिखल तळव्यांनी थापतात. म्हसे तांदळाच्या पिठाने रेघ ओढत, आणि ती रेघ ओली असताना पुसट असते, सुकल्यावरच पांढरी दिसते. म्हणजे पुरती दिसायच्या आधीच ती ओढून झालेली असते. एवढा भरवसा हाताला कुठून येतो, हे मला म्हसे आणि लाँग दोघांनाही विचारायला आवडलं असतं.

हल्ली रॉक गार्डनमध्ये मी मूर्तींचे चेहरे नंतर बघतो. आधी बघतो, बांगडीचा तुकडा सिमेंटमध्ये किती खोल बसवलाय ते.