तारेचे मोल

सराफाच्या पेढीवर कसोटीचा दगड असतो आणि किराणा दुकानात वजनकाटा. केवळ नजरेवर विसंबून व्यापारी माल घेत नाही. कस लावतो, तोलून पाहतो. हाच व्यवहारी गृहस्थ घरच्या संगीतासाठी खरेदीला निघाला, की कसोटी पेढीवरच विसरून येतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेबाबत हे विशेषकरून घडते.

एकेकाळी या तारेचा कोणी वेगळा विचारही करीत नसे. दिव्याला लावतात तीच साधी वायर स्पीकरलाही चाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांनी ‘मॉन्स्टर केबल’ या नावाने जाड तारा विकण्यास आरंभ केला आणि तार ही स्वतंत्र चीज झाली. पुढे किमती अशा चढल्या, की २००७ मध्ये एका कंपनीच्या १२ फुटी जोडीला ७,२५० डॉलर मोजावे लागत. ही तार केवळ कानाने ओळखून दाखवणाऱ्यास जेम्स रँडी यांनी १० लाख डॉलर देऊ केले. वादंग पुष्कळ झाले. परीक्षा मात्र झालीच नाही.

वास्तविक हिशेब सोपा आहे. तारेचा रोध जितका कमी, तितकी ती चांगली. १० मीटरवरील स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जोडली, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबे लागते व त्याचा रोध सुमारे पाव ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे होणारी घट पाव डेसिबलच्या आसपास असते. तीच तार ०.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर रोध तिप्पट होतो आणि स्वरांचा समतोलही किंचित ढळू शकतो. म्हणजे तारेचा परिणाम होतो. परंतु तो जाडीचा व लांबीचा असतो, किमतीचा नव्हे. चांदी वाहकतेत तांब्याहून जेमतेम सहा टक्के सरस आहे. तांबे थोडे जाड घेतले की ती उणीव भरून निघते. सोने तर तांब्याहून कमी वाहक! प्लगवर त्याचा मुलामा देतात, तो पृष्ठभाग काळवंडू नये म्हणून.

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी या तारेवरून पितापुत्रांत अबोला धरण्याची वेळ आली. मुलाने स्पीकरच्या निम्म्या किमतीची तार आणली. भीमसेन जोशींच्या गायनामागचा तानपुरा आता स्वच्छ ऐकू येतो, असे तो सांगू लागला. वडील म्हणाले, “तू फसलास.” मुलाच्या तोंडून निघून गेले, “अण्णा, तुमच्या कानांना आता बारीक फरक कळत नाही.” साठीनंतर उंच स्वर कमी ऐकू येतात, हे खरेच असते, म्हणूनच ते वाक्य चाळीस वर्षे गाणे ऐकलेल्या माणसाच्या जिव्हारी लागले.

तोडगा सुनेने काढला. तिने जुन्या तारेची टोके नव्याने सोलली, पडद्याआड नाणेफेक करून दर वेळी एक तार जोडली आणि वहीत नोंद केली. आवाजाची पातळी तीच, गाणेही तेच. दहा खेपांत मुलाचे सहा अंदाज बरोबर आले, वडिलांचे पाच. डोळे मिटून नुसते नाणे उडवले असते, तरी निकाल असाच लागला असता.

मग पहिल्या दिवशी मुलाला जाणवलेला फरक हा भ्रम होता काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. जुन्या तारेची टोके काळी पडली होती व डाव्या स्पीकरचा स्क्रू ढिला झाला होता. नवी तार बसवताना जोडणी घट्ट झाली, तेव्हाच आवाज सुधारला. श्रेय मात्र तारेच्या किमतीला गेले. मुलाचा कान खोटा नव्हता, वडिलांचा हिशेबही खोटा नव्हता. नाणेफेकीतून हे दोघांनाही एकदमच उमगले आणि कोणालाही मान खाली घालावी लागली नाही.

खरेदी करताना खरी दक्षता घ्यावी ती दुसऱ्याच गोष्टीची. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार बाजारात सर्रास मिळते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. एक धागा चाकूने खरवडला, की आतला पांढरा रंग लगेच दिसतो. शुद्ध तांब्याची १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची तार बहुतेक घरांना पुरते. दमट हवेच्या गावी वर्षातून एकदा टोके साफ करून स्क्रू आवळावेत. उरलेले पैसे चांगल्या स्पीकरसाठी ठेवावेत, किंवा खोलीत जाड पडदे व सतरंजी घालावी. तो फरक ओळखण्यासाठी नाणेफेक करावी लागत नाही. घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांना तो ऐकू येतो.