रेंज नव्हती म्हणून

आपल्या होस्टेलमध्ये 'रेंज' या शब्दाचा अर्थ एकच. गच्चीवर टाकीशेजारी एका पायावर उभं राहिलं की जी मिळते, ती! मला मात्र गेल्या हिवाळ्यापासून हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. का ते आजवर रूम पार्टनरलाही सांगितलं नाही. मॅगझिनसाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, आता लिहूनच टाकू.

गोष्ट एन.सी.सी. कॅम्पची. आपल्याच जालना जिल्ह्यात, एका गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमचं फायरिंग होतं. जागेचं नाव देत नाही, कारण चूक जागेची नव्हती. ज्यांनी उघड्यावरची फायरिंग रेंज पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला फायरिंग पॉइंट, तिथे कॅडेट पालथे झोपून नेम धरतात. २५ मीटरवर टारगेट. टारगेटमागे मातीचा उंच बांध, त्याला 'बट' म्हणतात, गोळी त्यात रुतावी म्हणून. बटच्या मागे टेकडी. बघणाऱ्याला वाटतं, एवढं असल्यावर अजून काय पाहिजे?

पाहिजे. टेकडी जिथे संपते तिथे एक खिंड होती आणि खिंडीतून पलीकडच्या मोसंबीच्या बागांकडे पाऊलवाट जात होती. त्या वाटेच्या तोंडाशी मला संत्री म्हणून उभं केलं. हातात लाल झेंडा, गळ्यात शिट्टी. कोणी आलं तर अडवायचं. नाहीच थांबलं तर शिट्टी वाजवायची. मग टेकडीवरचा दुसरा संत्री झेंडा हलवणार आणि खाली फायर बंद होणार. सुभेदारसाहेबांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "यहाँ से हिलना नहीं."

दहा वाजता फायर सुरू झाला. अकरापर्यंत एक कुत्रं सोडून कोणी फिरकलं नाही. मित्रहो, संत्रीची ड्यूटी ही आपल्या सोमवारच्या पहिल्या लेक्चरपेक्षा कंटाळवाणी असते! त्यात एम-थ्रीचा रिझल्ट त्याच दिवशी लागणार होता आणि खिंडीत मोबाईलला रेंज नव्हती. दोनेकशे पावलांवर एका शेताचा उंच बांध होता. म्हटलं, पाच मिनिटांत येतो. झेंडा दगडात खोचला आणि गेलो. पास झालो होतो. त्या आनंदात पाच मिनिटांची पंधरा झाली.

परत वळून बघतो तर झेंडा जागेवर, आणि झेंड्याच्या पुढे, खिंडीच्या अगदी मधोमध एक आजी. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पुढे सहा-सात शेळ्या. खाली टाक्‌ टाक्‌ आवाज चालूच. शिट्टी फुंकत मी कसा धावलो ते मला आठवत नाही. फायर बंद झाला. कोणालाही काही झालं नाही.

आजी शांत होत्या. म्हणाल्या, "काय झालं रं लेकरा? म्या रोजच जाते की इथून." मग आवाजाकडे बोट करून विचारलं, "तुमची गोळी हितपर्यंत येती व्हय?"

मी "नाही नाही आजी" म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी रजिस्टरवर मी लिहिलं, 'एक महिला शेळ्यांसह वाटेवर आली. संत्रीने पाहून फायर बंद करवला.' शब्द न् शब्द खरा. फक्त मी जागेवर नव्हतो, एवढंच लिहिलं नाही.

रात्री झोप येईना म्हणून आजींच्या प्रश्नाचं गणित मांडलं. आमची रायफल पॉइंट टू टू. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, तेही याच जातीच्या काडतुसावर. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणून आपल्याला ही गोळी नाजूक वाटते. पण ती नळीतून साधारण ३३० मीटर दर सेकंदाने सुटते. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सप्रमाणे, हवा नसती तर ती ११ किलोमीटर गेली असती. हवेचा रोध असतो म्हणून दीड किलोमीटरच्या आसपास जाते. मी खिंड ते फायरिंग पॉइंट पावलं मोजली होती. चारशे. म्हणजे फार तर ३०० मीटर.

आता बट. नळी एक अंश वर गेली तर २५ मीटरवर गोळी ४४ सेंटिमीटर वर जाते. दहा अंश गेली तर ४.४ मीटर. नवखा कॅडेट दचकला किंवा गोळी उडाली नाही म्हणून रायफल उचलून मागे वळून बघायला लागला, तर दहा अंश म्हणजे काहीच नाही. शिवाय गोळी नेहमी रुततेच असं नाही. दगडावर तिरकी बसली तर उसळून भलतीकडेच जाते. म्हणून बटचा दर्शनी भाग उभा आणि बिनखड्यांच्या मातीचा लागतो. आपल्याकडे तीच अडचण. मुरूम घातला तर खडे, काळी माती घातली तर पावसात फुगते, उन्हात तडकते आणि दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते. आणि खाली आहेच आपला काळा पत्थर! त्यामुळे बट एकदा बांधून होत नाही. उंची दरवर्षी मोजावी लागते, वर आलेले खडे वेचावे लागतात, आत साठलेलं शिसं चाळून काढावं लागतं.

म्हणजे आजींना मी दिलेलं उत्तर चूक होतं. येते. शक्यता कमी, पण येते.

अहिल्यानगरजवळ खारे कर्जुने इथे लष्कराची के.के. रेंज आहे, तिथे रणगाड्यांच्या तोफा चालतात. अशा जागांसाठी १९३८ सालचा कायदा आहे. गोळाबार चालू असताना धोक्याच्या क्षेत्रातून माणसं आणि पाळीव जनावरं बाहेर ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. तो आमच्या छोट्या रेंजसाठी नाही. पण जनावरांचा उल्लेख वाचला आणि मला त्या शेळ्याच दिसल्या. म्हणजे बटमागे कोणीतरी चालत असणार, हे ऐंशी वर्षांपूर्वीही माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी पुढच्या फायरिंगचं प्लॅनिंग झालं. सुभेदारसाहेबांनी रजिस्टर वाचलं आणि म्हणाले, "पाऊलवाटेवर एक संत्री पुरतो. त्या दिवशी त्याने बरोबर थांबवलं ना!" मला शाबासकी मिळाली. माझ्यासारखंच एक नवं पोरगं त्या खिंडीत एकटं उभं राहणार होतं, ते माझ्या नोंदीच्या भरवशावर. तेव्हा कळलं, की मी फक्त जागा सोडली नव्हती. मी प्लॅनच खोटा केला होता.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन सगळं सांगितलं. हात-पाय कापत होते. वाटलं, आता कॅम्पमधून घरी. साहेब बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "अब सही लिखो." मी आधीच्या नोंदीखाली खरी नोंद केली आणि सही केली.

पुढच्या फायरिंगला खिंडीच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन संत्री होते, दर तासाला बदली. पण खरा फरक पडला तो आजींमुळे. साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं, वाटेवरून कोण कधी जातं ते विचारायला. आजींनी पाच मिनिटांत टाइमटेबल सांगितलं. सकाळी शाळेची पोरं, अकराला भाकरी, बाजाराच्या दिवशी अख्खा गाव. फायर त्याप्रमाणे बसवला, आदल्या दिवशी गावात सांगितलं, वाटेवर मराठीत पाटी लावली. निघताना मी आजींना म्हटलं, "आजी, त्या दिवशी खोटं बोललो. गोळी येते इथपर्यंत." त्या हसल्या. "मला वाटलंच व्हतं. नायतर तू येवढा कशाला पळाला असता?"

आपल्यातले बरेच जण एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये इंटर्नशिपला जातात. तिथेही रजिस्टर असतं आणि 'थोडक्यात वाचलो' हे चहाच्या टपरीवर हसत सांगायची पद्धत असते. माझं एवढंच म्हणणं, की ते रजिस्टरमध्येही लिहा. तुमच्यानंतर तिथे जो उभा राहणार आहे, तो तुम्ही लिहिलेलं खरं धरूनच उभा राहील.