हसून झाल्यावरचा चेहरा

एखादा बँड बदलला की फॅन्सचे दोन गट पडतात. पहिला म्हणतो, 'विकले गेले!' दुसरा म्हणतो, 'मोठे झाले!' पहिल्या गटाकडे बँडचं नाव छापलेले विटके काळे टी-शर्ट असतात, दुसऱ्याकडे नवीन नोकऱ्या आणि ईएमआय. त्यातून बँड पॉप-पंक असेल आणि त्याने गिटारचा खरखराट कमी करून चक्क डान्सचा ठेका धरला असेल, तर विचारूच नका. ग्रुपमध्ये महायुद्ध!

पॅरामोरच्या बाबतीत २०१७ साली अगदी हेच झालं. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिन गावात २००४ मध्ये शाळकरी पोरांनी काढलेला हा बँड. गायिका हेली विल्यम्स. नारिंगी केस, टीचभर उंची आणि छप्पर उडवणारा आवाज. २००७ चा 'रायट!' अल्बम आणि त्यातलं 'मिझरी बिझनेस' हे गाणं म्हणजे रागावलेल्या टीनएजर्सचं राष्ट्रगीतच. माझ्यापर्यंत ते मावसभावाच्या पेन ड्राइव्हमधून पोचलं. मी तेव्हा सातवीत होते. कोणावर रागवायचं हे माहीत नव्हतं, पण कसं रागवायचं ते मात्र कळलं.

आणि मग मे २०१७ मध्ये आला 'आफ्टर लाफ्टर'. त्यातलं 'हार्ड टाइम्स' एप्रिलमध्येच येऊन गेलं होतं. सुरुवातीला लाकडी पट्ट्यांवर टिपऱ्या पडाव्यात तसा टणटणीत आवाज, मग एकदम उड्या मारणारी, स्वच्छ गिटार. ऐंशीच्या दशकातल्या टॉकिंग हेड्स किंवा ब्लाँडीची आठवण यावी असा ठेका. आमच्या ग्रुपमध्ये एक ड्रमर होता. त्याने अर्धं गाणं ऐकलं, इअरफोन काढला आणि जाहीर केलं, "संपला बँड. आता लग्नात वाजवा."

मला मात्र ते गाणं पहिल्या दिवसापासून आवडलं. का आवडलं हे सांगायला थोडं टेक्निकल व्हावं लागेल, पण घाबरू नका.

पॉप-पंकचा फंडा असतो पॉवर कॉर्ड. म्हणजे आपल्या भाषेत फक्त सा आणि प. मधला गंधार गायब. आता सूर हसरा वाटणार की उदास, हे ठरवतो हाच गंधार... शुद्ध की कोमल! तो काढून टाकला की उरतो निव्वळ जोर. त्यावर डिस्टॉर्शनचा थर चढवायचा आणि सुसाट सुटायचं. 'मिझरी बिझनेस'चा वेग मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास आहे. 'हार्ड टाइम्स'चा १२० च्या घरात. गंमत बघा, नाचायचं गाणं रागाच्या गाण्यापेक्षा बरंच हळू आहे! पण त्यात जागा आहे. गिटार टुणकन वाजते आणि गप्प बसते, त्या फटीत बेस शिरतो, ड्रम्स त्याला ढकलतात. रागात सगळे एकदम बोलतात. नाचताना एकमेकांसाठी थांबावं लागतं.

पण खरा धक्का शब्दांमध्ये होता. संगीत इतकं उन्हाळी, आणि गाण्यातली मुलगी मात्र खोल खड्ड्यात! अख्खा अल्बम तसाच. 'फेक हॅपी' नावाचं गाणं तर नावातच सगळं सांगून टाकतं.

या आनंदी दिसणाऱ्या अल्बममागची वर्षं अजिबात आनंदी नव्हती. २०१० च्या डिसेंबरमध्ये जॉश आणि झॅक हे फॅरो बंधू बँड सोडून गेले, तेही गाजावाजा होऊन. २०१३ च्या अल्बमने बँड पुन्हा उभा राहिला. त्यातल्या 'एन्ट इट फन'ला २०१५ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बेसिस्ट जेरेमी डेव्हिसने बँड सोडला. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. हेलीला नैराश्याने गाठलं. बँड चालू ठेवायचा की नाही, हाच प्रश्न तिला पडला होता. २०१७ च्या जुलैत तिचं लग्न मोडल्याचंही जाहीर झालं. मधल्या काळात एकच चांगली गोष्ट घडली. ड्रमर झॅक परत आला. हेली, गिटारिस्ट टेलर यॉर्क आणि झॅक अशा तिघांनी नॅशव्हिलमध्ये हा अल्बम केला. म्हणजे एवढा राडा होऊन गेल्यावर या लोकांनी आणखी जोरात ओरडायचं सोडून नाचायचं ठरवलं!

'आफ्टर लाफ्टर' या नावाचा अर्थ हेलीने मुलाखतींमध्ये सांगितलाय. माणूस हसतो, आणि हसू ओसरल्यावर क्षणभर त्याचा चेहरा जसा दिसतो ना, तो क्षण.

तो क्षण मी त्या वर्षी रोज रात्री जेवताना बघत होते.

बाबांच्या कंपनीचं युनिट दुसऱ्या राज्यात हललं आणि जूनमध्ये त्यांच्या हातात व्हीआरएसचे कागद आले. वय त्रेपन्न. मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा भाऊ बारावीत. आमच्या घरात कुणी रडलं नाही. उलट बाबा जास्तच जोक मारायला लागले. भाजीच्या किमतीवर जोक, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर जोक, स्वतःच्या 'लाँग लीव्ह'वर जोक. आम्ही हसायचो, कारण जोक खरंच चांगले असायचे. आणि मग तो एक सेकंद. बाबा ताटाकडे बघायचे, आई आमटी वाढायला उठायची, आणि आम्ही दोघं आपापल्या घासात शिरायचो.

सकाळी चिंचवडहून डेक्कनला जाणाऱ्या पीएमपीएमएलमध्ये इअरफोन लावला की 'हार्ड टाइम्स' सुरू. उभ्याने, गर्दीत, बॅग छातीशी धरून मी चक्क ठेका धरायचे. कॉलेजात कुणी विचारलं तर 'मस्त चाललंय' हे उत्तर तयार असायचं. पण ते म्हणताना आपण खोटारडे आहोत असं वाटायचं नाही. कारण पाय खरंच हलत होते ना!

ड्रमर मित्राचं म्हणणं असं की दुःख आहे तर गाणं दुःखी हवं. नाहीतर तो मेकअप. मी त्याला तेव्हा काही पटवू शकले नाही. मुद्दा मला सापडला सप्टेंबरमध्ये, सोसायटीच्या गणपती विसर्जनाला.

बाबा आयुष्यात कधी नाचले नव्हते. मिरवणुकीत ते कायम मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन. त्या वर्षी ताशा तडतडायला लागला आणि बाटल्यांची पिशवी माझ्या हातात देऊन ते सरळ पुढे गेले. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, ठेका साफ चुकलेला. पंधरा मिनिटं. आई बघत राहिली. मला आधी हसू आलं, मग गळा दाटून आला. आणि ट्यूब पेटली की आपण वर्षातलं सगळ्यात बेभान नाचतो तेव्हा कुणाला तरी निरोप द्यायला निघालेलो असतो! अख्खं महाराष्ट्र हे करतं. त्याला आजवर कुणी मेकअप म्हणालं नाही. मूर्ती पाण्यात गेली की सगळे गप्प होतात, रिकामा पाट घेऊन घरी येतात. तो झाला हसून झाल्यावरचा चेहरा. दोन्ही खरं.

ठेका दुःख पळवून लावत नाही. फक्त उचलायला सोपं करतो. डोक्यावरचं ओझं एका चालीत नेलं तर लांबवर जातं, तसं.

बाबांना दीड वर्षाने एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पगार निम्मा. जोक तेवढेच, पण आता मधूनमधून ते 'आज कंटाळा आलाय' असंही म्हणतात. आमच्या घरात ही मोठी क्रांती आहे.

आणि पॅरामोर? २०१८ मध्ये हेलीने एका मासिकात स्वतःच्या नैराश्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. त्याच वर्षी बँडने 'मिझरी बिझनेस' स्टेजवर वाजवणं थांबवलं, कारण त्यातला दुसऱ्या मुलीबद्दलचा सूर तिला आता खटकत होता. २०२२ मध्ये ते गाणं पुन्हा वाजायला लागलं. २०२३ चा 'धिस इज व्हाय'सुद्धा कंबर हलवायला लावणाराच, आणि त्याला २०२४ मध्ये बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे लग्नात वाजवा म्हणणाऱ्यांना रॉकवाल्यांनीच उत्तर दिलं! कळस म्हणजे त्याच वर्षी टॉकिंग हेड्सच्या डेव्हिड बर्नने 'हार्ड टाइम्स' स्वतः गायलं, आणि पॅरामोरने त्यांचं 'बर्निंग डाउन द हाउस'. ज्याच्या घरचा ठेका उसना घेतला, त्यानेच गाणं उचललं. आणखी काय पाहिजे?

मी आता फ्रीलान्सर आहे. म्हणजे 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य मला महिन्यातून चारदा ऐकू येतं आणि 'कसं चाललंय?'ला मी अजूनही 'मस्त!' म्हणते. तुम्हीही म्हणत असाल. म्हणा की! फक्त येत्या शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी सगळ्यांना हसवून हसवून लोळवत असेल ना, त्याच्याकडे हसून झाल्यावर एक सेकंद जास्त बघा. लेक्चर नको, सल्ला नको. आधी त्याच्यासोबत एक गाणं नाचून घ्या. मग खाली टपरीवर जाऊन विचारा, "कटिंग घेणार?"