बांधापलीकडची विहीर

अब्बा गेले तेव्हा आम्हा दोघा भावांना बीड जिल्ह्यातली ५ एकर काळी जमीन मिळाली. एक जण शेत पाहतो, दुसरा शाळेत शिकवतो. अब्बा मालदांडी ज्वारी पेरायचे, सोबत हरभरा, आणि जनावर शिरू नये म्हणून कडेने काटेरी करडई. कडबा बैलांना, शेण शेताला. रास झाली की आधी उश्र बाजूला निघे : पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. मग वस्तीवरच्या बाया सरवा वेचायला येत. अब्बा खुडणाऱ्यांना म्हणत, "फार बारीक नजरेनं खुडू नका."

आम्ही ऊस लावला. शिक्षकाच्या पगारावर कर्ज काढून बोअर घेतले. पहिले कोरडे गेले, दुसऱ्याला ५५० फुटांवर पाणी लागले. पेढे वाटले. दोन वर्षे पैसा आला, खोटे कशाला बोलायचे? मुलीची फी त्यातूनच भरली.

तिसऱ्या उन्हाळ्यात बांधापलीकडच्या मावशींची विहीर आटली. विहिरीचे पाणी वेगळे, बोअरचे वेगळे, अशी आमची समजूत. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, आणि भेगा बांध ओळखत नाहीत. मावशी भांडल्या नाहीत. कळशी घेऊन आमच्याच बोअरवर आल्या. "गुरुजी, तुमच्याकडं तरी हाय नव्हं पाणी." अम्मी त्या रात्री जेवली नाही.

आम्ही दोघे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊन आलो. तिथे गाव दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडते : आधी माणसे-गुरे, मग पिके. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. परतताना एसटीत आमचा वाद झाला. तिथे नियम साऱ्या गावाला; इथे आम्ही एकट्याने ऊस मोडला, तर इतरांची बोअर थोडीच थांबणार?

तरी ३ एकरांतला ऊस मोडला. २ एकरांवर अजून एकमत नाही. कर्जाचा हप्ता पगारातून जातो. ज्वारी बरी झाली. अम्मीने उश्र काढायला लावला आणि मावशींना सरव्याचे बोलावणे स्वतः जाऊन दिले. त्यांच्या विहिरीला यंदा गुडघाभर पाणी आहे. मोटर चालण्याजोगे नाही, शेळ्यांपुरते निघते.