वरचा सूर, डोळ्यांतला दाब आणि तीन किल्ल्या

घरातील वडीलधाऱ्या माणसाने पेटी काढली किंवा बासरी हाती घेतली, तर आपण त्याचे कौतुकच करता. परंतु सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने चार-पाच किलोचे पितळी वाद्य मांडीवर घेऊन फुंकायला आरंभ केला की घरात प्रथम काळजी पसरते. ही काळजी अगदीच निराधार नसते, आणि ती पूर्णपणे खरीही नसते. या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात माझे गेले दीड वर्ष गेले. त्याविषयी आपल्याशी थोडे बोलावे असे वाटते.

मी लष्करी बँडमध्ये यूफोनियम वाजवीत असे. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये माझे शिक्षण झाले आणि निवृत्तीनंतर बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील आमच्या गावी मी परतलो. ज्यांनी यूफोनियम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्नाच्या बँडमध्ये पोटाशी धरलेले आणि तोंड आकाशाकडे असलेले जे मोठे वाद्य दिसते, त्याच घराण्यातील हे मधले भावंड. गावातील पोरे त्याला सरळ ‘भोंगा’ म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. वेटोळी सोडवून सरळ केली तर त्याची नळी सुमारे नऊ फूट भरते. एवढ्या लांब नळीचा स्वभावच खर्जाचा. लोकांची अपेक्षाही तीच असते की याने खाली बसून ताल धरावा आणि गाणे मात्र क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटने गावे.

पण खर्जाच्या वाद्याने वर चढून एकट्याने गाणे, ही एक वेगळीच गोष्ट आहे. यूफोनियमच्या कळा न दाबता केवळ ओठांच्या ताणाने जे स्वर निघतात, ते शिडीच्या पायऱ्यांसारखे असतात. मात्र ही शिडी विचित्र आहे. खालच्या पायऱ्या लांब लांब आणि वरच्या अगदी जवळ जवळ. सर्वांत खालच्या स्वराला ओठ सेकंदाला सुमारे 58 वेळा थरथरतात, पुढच्या सप्तकात 116 वेळा, त्यावर 233 आणि त्याच्याही वर 466 वेळा. त्या उंचीवर शेजारचा स्वर इतका निकट येतो की ओठ केसभर ढळला तरी भलताच सूर लागतो. शिवाय हवा दाबाने द्यावी लागते. खाली श्वास सैल वाहतो. वर तोच श्वास अरुंद फटीतून रेटावा लागतो. प्रकृतीशी या विषयाचा संबंध येथेच येतो.

संगीतकारांनाही या उंचीचा मोह सुटलेला नाही. मुसोर्गस्की या रशियन रचनाकाराने 1874 साली पियानोसाठी चित्रांवर आधारित एक मालिका लिहिली. तिच्यातील एका तुकड्यात पोलंडमधील मोठ्या चाकांची बैलगाडी चालत येते. 1922 मध्ये राव्हेलने ही मालिका वाद्यवृंदासाठी बांधली, तेव्हा ही गाडी त्याने ट्यूबाच्या हाती दिली, आणि तीही वरच्या पट्टीत. तो तुकडा अनेक ठिकाणी यूफोनियमवरच वाजवला जातो. मला तो ऐकताना नेहमी कापसाच्या गाड्या आठवतात. खामगावचा कापूसबाजार एके काळी एवढा मोठा होता की 1870 साली केवळ त्याच्यासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आणला गेला. पण त्या फाट्यापर्यंत कापूस पोचवायला बैलच लागत. जड गाडी खर्जात का वाजवली नाही, असे कोणी विचारील. मला वाटते, जड वाद्याला वरच्या सुरात जे कष्ट पडतात, तेच बैलांचे कष्ट म्हणून ऐकू येतात. हे माझे मत. जाणकारांचे निराळे असू शकेल.

हा तुकडा नीट बसवावा अशी इच्छा मी नोकरीत असल्यापासून बाळगली होती. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, दात शाबूत होते, आणि सराव सुरू झाला. तेवढ्यात डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीत दाब वरच्या काठावर आढळला. डोळ्यांतील दाब साधारणपणे 10 ते 21 या दरम्यान असावा असे मानतात. आमच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली होती, म्हणून डॉक्टरांनी गांभीर्याने घेतले आणि विचारले, ‘‘काका, जड उचलता का? योगासनांत शीर्षासन वगैरे करता का?’’ मी वाद्याचे सांगितले. पुढच्या भेटीला त्यांनी ते घेऊन यायला सांगितले. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी वरचा स्वर धरून ठेवला आणि त्यांनी हातात धरायच्या यंत्राने दाब मोजला. तो काठ ओलांडून गेला होता. फुंकणे थांबवल्यावर थोड्याच वेळात तो पुन्हा उतरला. मग त्यांनी खालचा स्वर हळू वाजवायला लावला. त्या वेळी आकडा जवळजवळ जागचा हलला नाही.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांनी 2000 साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ओबो अशा अधिक विरोध करणाऱ्या वाद्यांत हा दाब विशेष चढतो. ट्रॉम्बोन आणि ट्यूबा त्या मानाने सौम्य आहेत. परंतु मोठे वाद्यसुद्धा वरच्या पट्टीत जोराने वाजवले की वाजवणाऱ्याला रेटावेच लागते. निरोगी डोळ्याला हा तात्पुरता चढ बहुधा सोसतो. ज्याच्या घराण्यात काचबिंदू आहे त्याने मात्र तो गृहीत धरू नये. रक्तदाब अनियंत्रित असेल, अंतर्गळ असेल, किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वाद्याला हात लावण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ‘संगीत ऐकतो’ एवढेच सांगू नये. ‘फुंकून वाजवतो’ असे सांगावे. हा शब्द उच्चारल्याशिवाय कोणाच्याही ध्यानात येत नाही.

घरच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली म्हणून सांगतो. वाद्याच्या नळीत लाळ आणि वाफ साचते, तिथे बुरशी वाढते, आणि श्वास घेताना तिचा अंश फुप्फुसांत जाऊ शकतो. परदेशातील एका ट्रॉम्बोनवादकाचा कित्येक वर्षांचा खोकला वाद्य स्वच्छ करू लागल्यावर बरा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. म्हणून आजोबांचा खोकला हटत नसेल तर भोंगा एकदा कोमट पाण्याने आतून धुऊन, पूर्ण वाळवून पाहा. खोकल्याची तपासणी मात्र टाळू नका.

डॉक्टरांनी मला वाद्य सोडायला सांगितले नाही. झोपताना घालायचे थेंब दिले, आणि वरच्या पट्टीतील लांब स्वर सोडायला सांगितले. म्हणजे ती बैलगाडी गेलीच. महिनाभर मी वाद्याची पेटी उघडली नाही. पत्नी काही बोलली नाही; फक्त एकदा म्हणाली, ‘‘अहो, खालचं वाजवायला कोणी अडवलंय का?’’

तेव्हा मी क्लेफकडे वळलो. पाच रेषांवर स्वर लिहिताना कोणती रेषा कोणत्या स्वराची, हे आरंभीच्या खुणेने कळते. त्या खुणेला म्हणतात क्लेफ, म्हणजे फ्रेंच भाषेत किल्ली. आपल्याकडे गायक आपला षड्ज काळी एकमध्ये धरतो किंवा पांढरी चारमध्ये, आणि मग सगळे स्वर त्याच्या अनुषंगाने बसतात. तसाच काहीसा हा प्रकार. मला लष्करात बास क्लेफ शिकवला होता, ज्याचे दोन ठिपके चौथ्या रेषेभोवती असतात. पण इंग्लंडच्या ब्रास बँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडून सारी पितळी वाद्ये ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात, म्हणजे कॉर्नेट वाजवणाऱ्याला उद्या यूफोनियम हाती दिले तरी बोटे तीच राहतात. मुलाने पुण्याहून पाठवलेल्या वह्या याच पद्धतीच्या निघाल्या. स्वर कागदावर एका जागी, आणि कानाला त्याच्या एक सप्तक व एक स्वर खाली.

यावर एक जुनी युक्ती आहे. ट्रेबल क्लेफमधील असा कागद समोर आला, की तो टेनर क्लेफ आहे असे समजावे, ज्यात चौथी रेषा मध्यल्या सी स्वराची असते, आणि पट्टीत दोन स्वर कोमल धरावे. स्वर आपोआप योग्य जागी पडतात. हे वाचून आपल्याला कदाचित काही उमगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मुद्दा एवढाच, की यासाठी फुंकावे लागत नाही. मी वाद्य मांडीवर घेतो, ओठ मुखनळीला लावत नाही, आणि केवळ कळा दाबतो. पत्नी समोर बसून मध्येच कागद बदलते: बास, ट्रेबल, टेनर. ती स्वतः संगीत शिकलेली नाही, पण कळा चुकल्या की माझ्या चेहऱ्यावरून ओळखते.

याने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही. पण ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला किंवा दम लागणारा एखादा जुना वादक आहे, त्यांनी त्याच्या हाती वाद्य देऊन पाहावे. वाजवायला नको, बोटे हलवायला आणि कागद वाचायला. थकला की तो स्वतःच ठेवून देईल.

सध्या मी सायंकाळी वीस मिनिटे, मधे विश्रांती घेत, खालच्या दोन सप्तकांत हळू वाजवतो. बैलगाडीचा तो तुकडा पूर्ण एक सप्तक खाली उतरवून लिहून काढला आहे. गाडी आता जरा अधिक सावकाश चालते. पुढच्या महिन्यात दाब पुन्हा मोजायचा आहे, आणि डॉक्टरांनी या वेळीही वाद्य बरोबर आणायला सांगितले आहे.