टार्गेट बदललं तरी गोळा आपलाच

तोफखान्यात नोकरी झाली की 'टार्गेट' हा शब्द अंगात मुरतो. तो पत्त्यांच्या खेळात भेटेल असं वाटलं नव्हतं. बिकानेरच्या पोस्टिंगमध्ये भेटला.

आमचा मुलगा आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या मल्याळी नायब सुभेदारांचा मुलगा, दोघांना 'मॅजिक: द गॅदरिंग'चं वेड. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने काढलेला हा अमेरिकन खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. आपल्या रमीचे पत्ते नव्हेत हे. प्रत्येक पत्त्यावर एखादा मंत्र किंवा प्राणी, आणि त्याचं काम काय ते छापलेलं. व्हरांड्यात डाव मांडायचा, वाळूचा वारा सुटला की पत्त्यांवर खडे ठेवायचे.

भांडण झालं ते एका मंत्रावरून. आमच्या चिरंजीवांनी 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. हव्या त्या टार्गेटला ३ डॅमेज. नेम मित्राच्या प्राण्यावर. मित्राने वर 'डिफ्लेक्शन' टाकलं. हा १९९५ चा जुना पत्ता; ज्या मंत्राला एकच टार्गेट आहे, त्याचं टार्गेट तो बदलतो. बोल्ट फिरवून त्याने चिरंजीवांच्याच 'स्लिपरी बॉगल'वर सोडला. या बॉगलला 'हेक्सप्रूफ' असतं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा मंत्र त्याला टार्गेट करू शकत नाही.

"तू फिरवलास, म्हणजे आता तो तुझा. लागणार नाही."

"टाकला कुणी? तूच ना?"

एरवी मी लक्ष दिलं नसतं. पण शेजाऱ्यांची पोस्टिंग आली होती. चार दिवसांत सामान ट्रकमध्ये चढणार, आणि दोघं एकमेकांशी बोलेनात. फौजींच्या मुलांची दोस्ती दोन-तीन वर्षांची. भांडून गेली की समेट करायला पुन्हा गाठ पडेलच असं नाही.

मी दोघांना समोर बसवलं आणि फोनवर नियम उघडायला लावले. इंग्रजी किचकट, पण आपल्या ऑर्डरसारखं, एकेक शब्द मोजून वापरलेलं. 'टार्गेट बदला' असं लिहिलं असेल, तर नवं टार्गेट नियमात बसणारं हवं. तसं दुसरं नसेल तर जुनंच कायम. 'नवं टार्गेट निवडू शकता' असं असेल, तर न बदलण्याचीही मुभा. 'राथ ऑफ गॉड'सारखा सरसकट सगळे प्राणी मारणारा मंत्र कुणालाच टार्गेट करत नाही, म्हणून तो फिरवताच येत नाही. आणि मुख्य मुद्दा असा, की टार्गेट बदललं तरी मंत्र ज्याने टाकला त्याच्याच ताब्यात राहतो. आपल्याच मंत्रापासून हेक्सप्रूफ वाचवत नाही. बॉगल मेला.

चिरंजीवांचा चेहरा पडला. "पण बाबा, मी तिकडे मारलाच नव्हता!"

म्हटलं, "बाळा, लांबच्या माऱ्यात तोफेवरच्या जवानाला टार्गेट दिसतसुद्धा नाही. ओपीवरून दुरुस्ती येते, नळी फिरते. पण गोळा कुणाच्या तोफेतून सुटला, ते बदलत नाही. म्हणून सोडायच्या आधी विचार करायचा. समोरच्याच्या हातात काय असेल, याचासुद्धा."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्याने स्वतःच्या हाताने बॉगल उचलला आणि बाद पत्त्यांत ठेवला. मित्राने पत्ते पिसायला घेतले. "अजून एक डाव?" ट्रक येईपर्यंत रोज संध्याकाळी व्हरांड्यात डाव रंगला.

आता दोघं देशाच्या दोन टोकांना आहेत. रविवारी फोनचे कॅमेरे पत्त्यांवर रोखून खेळतात. नियमावरून अडलं की उघडून वाचतात, हातघाईवर येत नाहीत. मध्यंतरी माझी पुढची ऑर्डर आली, तेव्हा ती हातात घेऊन मुलगा म्हणाला, "बाबा, यात 'निवडू शकता' असं कुठेच लिहिलेलं नाही."

खरं आहे. आपल्याकडे फक्त 'बदला' असतं.

जय हिंद.